शेवटच्या रेघेतला माणूस

— नाही, असं दारात उभं राहून सांगू नकोस, आत ये, त्या स्टुलावर बस, वरचे खोके खाली ठेव — आडवे नको, उभेच, रेकॉर्डी आडव्या रचल्या की वाकतात, आणि वाकलेली रेकॉर्ड आणि वाकडा शेजारी, जन्मात सरळ होत नाहीत. हं. आता सांग. म्हणजे सांगितलंस ते ऐकलं मी, बहिरी नाही झाले अजून, तीस वर्षं तुमच्यासारख्यांच्या आरडाओरड्यात घालवूनही — तुमच्या नव्या रेकॉर्डच्या शेवटी कुणीतरी बोलतंय. दुसऱ्या बाजूला, गाणं संपल्यावर. पुरुषाचा आवाज, आणि तुमच्या बँडमधल्या कुणाचा नाही. बरं. कुणी ऐकला? आईने. तू रेकॉर्ड लावून अंघोळीला गेलीस आणि आई इस्त्री करत होती. अगं, पण अर्धा तास सुई शेवटच्या रेघेत फिरत ठेवतं का कुणी? सुईची काय गत होते माहितीये? — आणि मग तिने न्हाणीघराचं दार वाजवून विचारलं, बाहेरच्या खोलीत हा कोण माणूस आकडे मोजत बसलाय, त्याला चहा टाकू का. हसू नकोस. तुझी आई बरी आहे. दुसरी असती तर पोलीस बोलावले असते.

तर त्याचं असं आहे. घाबरण्यासारखं काही नाही, आमच्या धंद्यात होतं असं. टेप असते ना, ती चक्रीवर गुंडाळलेली असते, थरावर थर, आणि बरेच दिवस पडून राहिली की एका थरावरचा आवाज दुसऱ्या थरावर उतरतो. अगदी बारीक. गाणं सुरू व्हायच्या आधीच लांबून कुणीतरी तेच गाणं गातंय असं वाटतं. आम्ही त्याला भूतच म्हणतो — म्हणजे नुसतं म्हणायचं आपलं. तर तुमच्या टेपवर आधीचं कुणाचं तरी काहीतरी असणार, ते उतरलं असणार, आणि मी रेकॉर्ड कापताना, म्हणजे तबकडीवर रेघ कोरताना — हं? टेप नव्हतीच. कॉम्प्युटरवर केलंत. हो, पेन ड्राइव्ह दिला होतास, तूच दिला होतास, याच टेबलावर, लाल दोरीचा. विसरलेच. एवढे बँड येतात, कुणी काय आणलं ते लक्षात राहत नाही. मग यंत्राचंच काहीतरी असेल. जुनं झालंय. तेही आणि मीही.

ते जाऊ दे, बघते मी ते. आलीच आहेस तर ही भिंत बघ, या महिन्यातली सगळी नवी. वरच्या रांगेत सहा, खालच्या रांगेत चार, आणि एकही मोठ्या कंपनीचं नाही, सगळ्यांनी आपापल्या हिमतीवर काढलेलं. हे बेकरीवाले — तिघंही एकाच भट्टीवर कामाला आहेत, पहाटेची पाळी संपवून आले आणि पिठाच्या हातांनीच मुखपृष्ठं चिकटवली, अजून बोटं दिसतात बघ. फार जोरात वाजवतात, पण मधेच एक ओळ अशी सुरात म्हणतात की हातातलं काम थांबतं. ही तिघी बहिणींची. थोरली गाते, मधली भांडते, धाकटी बास वाजवते. आणि हा दंतवैद्याचा बँड, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, दाढ ठणकली की त्याच्याकडेच जायचंय मला. प्रत्येकाची चिठ्ठी मीच लिहिते, ती लावलेली दिसते ना, चार ओळींची. लोक मला विचारतात, तुम्ही या वयात हे कसं ऐकता, नुसता धिंगाणा. मी म्हणते, अहो, नीट ऐका. धिंगाणा घालणारे पुष्कळ असतात, हे ओरडतात ते सुरात ओरडतात. खाली चाल असते, साधी, लहान मुलाला पाठ होईल अशी. ती चाल कुणी हिसकावून घेईल म्हणून घाईघाईने म्हणतात इतकंच. — तुमचीही इथेच लावली होती, मधोमध. चिठ्ठीत काय लिहिलंय वाच. नाही वाचायचं? बरं.

काय म्हणालीस? बेकरीवाल्यांच्यातही आहे. कुठे ऐकलंस? मैत्रिणीकडे. तोच आवाज. त्याच वेगाने.

तू ना, फार बारकाईने ऐकतेस. गातेस तू, हो ना? तुमच्यात गाणारी तूच. ओळखलं मी, बोलतानासुद्धा वाक्याच्या शेवटी आवाज वर नेतेस, कुणीतरी पुढची ओळ म्हणणार आहे असा. आण इकडे. बघू या तरी काय आहे ते. दुसरी बाजू, शेवटचं गाणं, पंचेचाळीसचा वेग — इथे ठेवते सुई, शेवटचं कडवंच ऐकू. हे चांगलं केलंयत तुम्ही. सगळे मिळून म्हणता ती ओळ, आणि मग एकदम थांबता, दार आपटल्यासारखं. मला आवडलं होतं ते. म्हणूनच — आता थांब. संपलं. आता सुई आत सरकतेय. ऐक.

एक दोन तीन चार. एक दोन तीन चार. एक दोन तीन चार.

हं. आहे खरा. — काय? मी कुठे मोजतेय? माझे ओठ? मग हलले असतील. ऐकता ऐकता हलतात ओठ, त्यात काय. एक दोन तीन — उचलते थांब. उचलते. झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच बहुतेक. खोटं बोलायचा सराव लागतो, तो मला नाही. एकदाच बोलले होते नीट. मीच घातलाय तो. यंत्र बिचारं ठणठणीत आहे.

रागावू नकोस, आधी ऐकून घे, मग काय ते बोल. सगळ्यांच्यात नाही घालत. आत्तापर्यंत सात, तुमची आठवी. रेकॉर्ड संपते ना, तिथे रेघ स्वतःलाच मिळते, गोल, म्हणजे सुई पुढे जात नाही, तिथल्या तिथे फिरत राहते. ती रेघ रिकामीच असते सगळ्यांची. पंचेचाळीसच्या वेगात, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या, एक फेरी सव्वा सेकंदाच्या किंचित वर, आणि तेवढ्यात चार आकडे बरोबर बसतात — त्याने मोजलेले बसतात, दुसऱ्या कुणी मोजले तर बसायचे नाहीत. मी काही जुळवलं नाही. आपोआप बसले. पहिल्यांदा बसले तेव्हा मी या खुर्चीवर बराच वेळ बसून होते, बाहेर गिऱ्हाईक दार वाजवून निघून गेलं. कुणाच्या लक्षात यायचं नाही म्हटलं. लोक गाणं संपलं की सुई उचलतात. काही यंत्रं आपणच उचलतात. तुझ्या आईला इस्त्री करायची होती, त्याला मी काय करू?

भाऊ. माझा धाकटा. ड्रम वाजवायचा. त्यांचा बँड होता चौघांचा, तुमच्यासारखाच, दिवसा नोकऱ्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी गोदामात धडधड. हा कापडाच्या गिरणीत रंगखात्यात होता, हात नेहमी कोपरापर्यंत निळे नाहीतर हिरवे. बोलायचा नाही फारसा. म्हणजे मुका नव्हता, पण शब्द पदरचे खर्चावे लागतात असं वागायचा. फोनवर ‘हं’. जेवताना ‘पुरे’. मला हाक मारायची तर नुसतं ‘ताई’, आणि पुढे काय ते मी ओळखायचं. बाकीच्या तिघांची तोंडं बंद होत नसत, गाणी त्यांनीच म्हटली, कोरसमध्येसुद्धा हा नाही, म्हणे मला श्वास ड्रमला लागतो. पण गाणं सुरू करताना मोजायचं काम त्याचं. पुष्कळजण काठ्यांवर काठ्या आपटून मोजतात, तुमचा तो उंच मुलगा आपटतो तसं. हा तोंडाने मोजायचा. म्हणायचा, ज्याला चौघांना एकदम उडी मारायला लावायचीय त्याने आवाज तरी काढावा. एवढं एक वाक्य म्हणजे त्याचं वर्षाचं भाषण.

त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. मीच कापली, याच यंत्रावर, नवीन होतं तेव्हा, मीही नवीन होते, आणि नव्याला नखरे फार. बारा गाणी होती आणि बारांच्या आधी त्याचे आकडे. मी म्हटलं, हे काढायचं. स्वच्छ पाहिजे सगळं, गाणं संपलं की गाणं सुरू. पद्धतच होती तशी, सगळेच काढायचे. तो इथेच उभा होता, त्या कपाटाला टेकून, म्हणाला, ताई, आकडे राहू दे. आणि मी म्हटलं — बाकीचे तिघं होते ना समोर, हसवायचं होतं मला त्यांना — लोक गाण्यांसाठी येतात, पाढ्यांसाठी नाही. हसले सगळे. तोही हसला. मी ब्लेड घेतलं आणि टेपवरून बाराही ठिकाणचे आकडे कापले, चिकटपट्टीने टेप जोडली, आणि कापलेले तुकडे केराच्या डब्यात टाकले. बोटाएवढे तुकडे. बारा. माझ्या हाताने.

आता मी कुणाचे आकडे कापत नाही, बघ. तुमचे काठ्यांचेही ठेवलेत. तुम्हीच म्हणाला होता काढा म्हणून, आणि मी ‘बघते’ म्हटलं आणि ठेवले.

पुढे काय व्हायचं ते झालं. बँड मोडला, एक परदेशी गेला, एकाला जुळं झालं, हा गिरणीतच राहिला. बायको नाही, पोर नाही, माझ्याकडेच असायचा मागच्या खोलीत. मग घसा बसला. बसलाच. आम्ही मध घातला, मीठपाणी घातलं, मी म्हटलं, रंगाचा वास जातो नाकातोंडात, रजा काढ. रजा काढून काय होणार होतं? डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. जगेल म्हणाले, आवाज गेला तर गेला, माणूस राहील. मलाही ते पटलं तेव्हा, आधीच कुठे बोलत होता. — अकरा महिने राहिला.

त्या अकरा महिन्यांत काय वाटलं माहितीये, की हा फार बोलतोय. सारखं लिहायचा. रेकॉर्डच्या आतली पांढरी पाकिटं असतात ना, फाटकी, ती मी घरी न्यायचे, त्यांच्यावर लिहायचा. भाजीत मीठ जास्त. शेजारी पुन्हा भांडले. तिघी बहिणींची पहिली रेकॉर्ड आली होती तेव्हा, ती ऐकून लिहिलं, धाकटी पुढे जाईल. नवीन काय आलं ते रोज विचारायचा आणि मी रोज एक घेऊन जायचे, वाजवायचे, तो टेबलावर बोटांनी साथ करायचा. आणि एक दिवस लिहिलं — माझा आवाज कसा होता?

मी म्हटलं, कसा म्हणजे, तुझ्यासारखा. त्याने मान हलवली. लिहिलं, आठवत नाही. डोक्यात आणून बघतो, येत नाही. कुठेतरी असेल, लाव ना.

कुठेतरी असेल. मी रेकॉर्ड काढली त्यांची, बारा गाणी, त्याचा हात आहे, पाय आहे, घाम आहे त्यात, आवाज नाही. फोन शोधले. एका लग्नाचा व्हिडिओ मिळाला, त्यात सगळे बोलतात आणि हा जेवतोय. बँडमधल्या त्या तिघांना विचारलं, परदेशातल्यालाही. सरावाच्या टेपा होत्या त्यांच्यावर कुणी कुणी दुसरंच भरून टाकलेलं. चाळीस वर्षांवर बोलला माणूस, थोडं का होईना, आणि मागे ऐकायला एक शब्द नाही. आणि जे होतं ते मी केरात टाकलेलं. त्याने कधी काढलं नाही ते. एकदाही लिहिलं नाही की ताई, तू कापलेस. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

तर मग हा आवाज कुठला, असंच ना? चाचणीची तबकडी. पूर्ण बाजू कापायच्या आधी आवाज किती ठेवायचा ते बघायला एका मऊ तबकडीवर चार-पाच सेकंद कापून बघतात. टेपला ब्लेड लावायच्या आधी मी तशी एक कापली होती, पहिल्या गाण्याची सुरुवात, आकड्यांसकट. ती त्या कपाटाच्या तळाशी होती, रद्दीत, इतकी वर्षं. तो गेला आणि मग ती सापडली. मग मी ती एकदा वाजवून कॉम्प्युटरवर घेतली, आणि आता तुमच्यासारख्यांच्या नव्या रेकॉर्डींत घालते. त्याला नवीन ऐकायला आवडायचं, तर म्हटलं, असू दे नव्यांच्या बरोबर. ज्या गाण्याचा शेवट असा होतो की पुढे अजून एक हवं होतं, त्याच्याच शेवटी घालते. मोजतो आणि गाणं सुरू होत नाही, तेवढं सोडलं तर बराय तो तिथे. — झालं. ही एवढी गोष्ट. विचारायला हवं होतं तुम्हाला, ते नाही विचारलं, चूक माझी. तुमच्या चाळीसच्या चाळीस प्रती परत आण, शेवटची रेघ कोरी ठेवून नव्याने कापून देते. परवा संध्याकाळी तुमचा कार्यक्रम आहे ना, त्याच्या आत देते.

अगं, रडतेस काय? रुमाल आहे का? हे घे, रेकॉर्ड पुसायचा आहे, पण धुतलेला आहे.

काय? ठेवायचा. तसाच ठेवायचा म्हणतेस. तुमच्या त्या उंच ड्रमवाल्याला आणि बाकीच्यांना विचार आधी, लाव फोन. त्यांनाही हवाय. बरं — बरं. मग राहू दे. मला वाटलं होतं, तू भांडायला आलीस. तसाच राहू दे मग, तुमच्या घराघरांत वाजेल, आईला सांग, चहाची गरज नाही त्याला. — आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला काय छापायचं म्हणतेस? वाच पुन्हा. ‘शेवटचा आवाज एका ड्रमरचा. त्याच्या ताईने तो जिवापाड जपून ठेवला, म्हणून आपल्याला ऐकू येतो.’

नाही.

नको ते. पहिलं वाक्य चालेल. दुसरं काढ. काढ म्हणते ना. संकोच नाही गं, संकोच कसला, मी काय नवी नवरी आहे? चांगलंच लिहिलंयस, पण ते खोटं आहे, आणि छापलं की खरं होतं, मग कुणी कुणी येऊन माझा हात हातात घेतील. आत्ताच सांगते, नाहीतर परवा तुझ्या कार्यक्रमात उभी राहून सांगेन. ती तबकडी तो गेल्यावर सापडली नाही. तो असताना सापडली. सोमवारी, दुपारी, कपाट झाडताना. वर माझ्याच अक्षरात तारीख होती. तो घरी होता, मागच्या खोलीत, इथून चालत दहा मिनिटांवर.

मऊ तबकडी असते ती, सांगितलं ना. दर वेळी वाजवलं की सुई थोडा आवाज खरवडून नेते. आधी श्वास जातो, मग शब्दांच्या कडा जातात, पंधरा-वीस वेळा वाजवली की नुसती खरखर. तिला रुंद टोकाची सुई लागते, ती माझ्याकडे नव्हती, मागवावी लागते, दोन आठवडे लागतात. मी म्हटलं, एकदाच वाजवायची तर नीट वाजवू. चांगली सुई येऊ दे, कॉम्प्युटरवर घेऊ, मग हवी तेवढी ऐक म्हणावं. शहाणपणाचंच आहे की नाही? कुणालाही विचार या धंद्यातल्या, कुणीही हेच सांगेल. मग त्याला सांगायचं ना तसं — सापडलीय, थांब दोन आठवडे. नाही सांगितलं. कारण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, लाव आत्ता, खिळ्याने लाव. आणि लावली असती तर पुन्हा म्हणाला असता. आणि पुन्हा. मी नाही म्हणू शकले नसते, त्याने वाजवून वाजवून संपवली असती ती, आणि तो गेल्यावर मला काय उरलं असतं? — असं आलं मनात. दुसरं काही नाही आलं. तो समोर बसलेला असताना मी तो गेल्यानंतरची माझी सोय बघत होते. तीन फडक्यांत गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली लावली.

रोज संध्याकाळी घरी जायचे तर तो आधी माझ्या हातांकडे बघायचा. काय आणलं. मी नवी रेकॉर्ड पुढे करायचे. मग भुवया वर करून विचारायचा, ते? आणि मी मान हलवायचे. नाही सापडलं रे. शोधतेय. आठ दिवस. नवव्या दिवशी विचारलं नाही, झोपला होता, मला वाटलं झोपला आहे, तर मला सुटल्यासारखं वाटलं की आज खोटं बोलावं लागणार नाही. — तो गेला, त्यानंतर पाच दिवसांनी सुई आली. वरातीमागून घोडं. फार स्वच्छ आवाज आला, तू ऐकलासच, श्वाससुद्धा आहे. आकड्यांच्या आधी तो श्वास घेतो. गळ्याला भोक नसलेला श्वास.

मला काही बोलू नकोस. तुम्ही दमला होता, तुम्ही एकट्या होता, हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय, तुझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. आणि कुणालाच माहीत नाही हे, त्या तिघांनाही नाही. तुला कशाला सांगितलं कोण जाणे. त्याने आठ दिवस विचारलं आणि मी सांगितलं नाही, तू एकदा विचारलंस आणि सगळं सांगून बसले.

ऊठ आता. ती रेकॉर्ड घे तुझी. जाताना दारावरची पाटी उलटी कर.